पाण्याखालची उष्णता मोजणारे फ्लोट

मे 2021मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातवर जाऊन आदळलं. अशा वादळांना बळ मिळतं ते गरम समुद्रातून, पण नुसता पृष्ठभाग तापलेला असून भागत नाही. वादळी वारा पाणी ढवळतो. गरम थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाची रसद तुटते. थर जाड असेल तर कितीही ढवळलं तरी गरम पाणीच हाती लागतं. उपग्रहाला मात्र फक्त वरची साय दिसते.

खालची खबर देतात आर्गो फ्लोट. वीस-पंचवीस किलोचं, नळकांड्यासारखं यंत्र. त्याला ना पंखा, ना दोर. एरवी ते 1000 मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतं. साधारण दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतं आणि वर येता येता तापमान, क्षारता आणि दाब मोजतं. वर येण्याची युक्ती मोठी झकास आहे: आतला पंप थोडं तेल बाहेरच्या लवचिक पिशवीत ढकलतो. वजन तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, की स्वारी निघाली वर! तेल आत घेतलं की पुन्हा बुडी. वर आल्यावर माहिती उपग्रहामार्फत जाते आणि बहुतेक वेळा 24 तासांत ती जगात कुणालाही फुकट मिळते. विज्ञानातला इतका दिलदार व्यवहार विरळाच.

आज जगभरात असे सुमारे 4000 फ्लोट आहेत. हिंदी महासागरातल्या कामात हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा मोठा वाटा आहे. काही नवे फ्लोट ऑक्सिजन, नायट्रेट, आम्लताही मोजतात. अरबी समुद्रात त्यांची विशेष गरज आहे, कारण इथे साधारण दीडशे मीटरखाली ऑक्सिजन जवळपास संपलेला मोठा पट्टा आहे. काही फ्लोट तर 6000 मीटरपर्यंत जातात.

बॅटरी चार-पाच वर्षं पुरते. मग बहुतेक फ्लोट समुद्रातच राहतात. हा कचराच, नाकारण्यात अर्थ नाही. पण एकेक शोधायला जहाज पाठवणं त्याहून महागात पडतं.

आपल्यापुरती खरी अडचण वेगळीच आहे. हे फ्लोट खोल पाण्यासाठी बनलेले. मुंबईसमोर मात्र समुद्रतळ शेकडो किलोमीटर उथळच राहतो. आपल्या बोटी जिथे मासेमारी करतात, तिथे फ्लोट टेकूनच बसेल. त्या पाण्यासाठी नांगरलेले बोये, ग्लायडर (पाण्याखाली ठरवलेल्या वाटेने फिरणारी यंत्रं) आणि किनाऱ्यावरचे रडार हवेत, तेही दाट संख्येने.