अनाथ भावंडं आणि भूतकाळाची सफर: हे सगळं आलं कुठून

मुलांच्या फँटसीत आईबाबांना आधी वाटेतून बाजूला करावं लागतं, नाहीतर रात्री-अपरात्री माळ्यावर कोण जाऊ देणार. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश गोष्टींत अनाथ पोरं ढिगाने आहेत, पण बहुतेक एकेकटी आणि हाल सोसणारी. भावंडांची भांडकुदळ टोळी आणि जादू हे कॉम्बिनेशन खरं जमवलं ते इंग्लिश लेखिका ईडिथ नेस्बिटने. तिचे वडील ती अगदी लहान असतानाच गेले होते, आता त्याचा संबंध किती लावायचा ते ज्याने त्याने ठरवावं, पण तिच्या गोष्टींत वडील बरेचदा गायब असतात एवढं खरं.

एच. जी. वेल्सच्या कादंबरीतलं टाइम मशीन १८९५ चं, ते पळतं भविष्याकडे. नेस्बिटने १९०६ मध्ये यंत्राच्या जागी ताईत आणला आणि चार भावंडांना बॅबिलोन, इजिप्तला धाडलं, मात्र त्यांचे आईवडील नुसते परदेशी होते. १९०८ च्या ‘हाउस ऑफ आर्डन’मध्ये मामला गंभीर होतो, कारण एड्रेड आणि एल्फ्रिडाला आई नाही आणि वडील मेले असंच सगळे धरून चाललेत. जुन्या पेट्यांतले कपडे घातले की त्या काळात पोचायचं, पण त्या पेट्यांच्या खोलीचं दार सापडायला तीन दिवस एकमेकांशी भांडायचं नाही ही अट! भावंडं असणाऱ्यालाच कळेल ही किती जालीम आहे. १६०५ मध्ये गेल्यावर तर एल्फ्रिडा राजासकट संसद उडवून देण्याच्या गनपावडर कटावरचं बडबडगीत सहज म्हणून टाकते, कट अजून उघडकीलाच आलेला नसतो, आणि मग सगळ्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात.

खरी गोम पुढे आहे. ही दोघं निघतात खजिना शोधायला आणि शेवटी हाती लागतात वडील, जिवंत. म्हणजे पोरकेपण आता नुसती सोय राहत नाही, तेच सफरीचं कारण बनतं.

मधल्या काळात सूर बराच बदलला. पेनेलोपी फार्मरच्या १९६९ च्या कादंबरीतली शार्लट, जिला आईवडील नाहीत, ती होस्टेलमध्ये झोपते आणि १९१८ मध्ये क्लेअर नावाच्या मुलीच्या जागी उठते, पण ती क्लेअर पुढे फ्लूच्या साथीत जाते आणि कोणी काही करू शकत नाही. एवढं कठोर हल्ली फारसं कोणी लिहीत नाही.

जॉन स्टीफन्सच्या २०११ च्या ‘एमराल्ड ॲटलस’मध्ये अनाथाश्रमांतून फिरलेली तीन भावंडं आहेत, पुस्तकाच्या कोऱ्या पानावर जुना फोटो ठेवला की त्या फोटोच्या काळात. आणि आईवडील? तेही गेलेले नाहीत, बेपत्ता आहेत. शंभर वर्षांनीही नेस्बिटचीच युक्ती, फक्त ताईताऐवजी फोटो.