६० किलोहर्ट्झचा वेळसंकेत आणि २०१२ चा बदल

अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथून ६० किलोहर्ट्झच्या रेडिओलहरीवर अहोरात्र वेळसंकेत प्रक्षेपित होतो. केंद्र सुरू झाले १९६३ मध्ये. वेळेची सांकेतिक माहिती त्यावर आली १९६५ मध्ये. पहिली दोन वर्षे या लहरीवर होती ती फक्त अचूक वारंवारता, आणि आपली उपकरणे तिच्याशी ताडून पाहणाऱ्या प्रयोगशाळांना तीच हवी होती. २०१२ च्या बदलाने या जुन्या वापरकर्त्यांना डावलले की नाही, हा पुढचा सगळा वाद या क्रमातून उभा राहिला.

१९९९ मध्ये शक्ती ५० किलोवॅटपर्यंत वाढली. फेराइटच्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळलेला अँटेना पोटात घेऊन, हा संकेत पकडून आपोआप वेळ जुळवणारी स्वस्त घड्याळे घरोघरी पोहोचली. (नातेवाइकांनी तिकडून आणलेले असे घड्याळ पुण्याच्या भिंतीवर साध्या क्वार्ट्झसारखेच चालते; भारतात असा लाँगवेव्ह (लांब तरंगलांबीचा) संकेत नाही.) ही घड्याळे फक्त लहरीची ताकद बघतात. दर सेकंदाच्या आरंभी ती घटते, ०.२ सेकंदाने पूर्ववत झाली तर शून्य, ०.५ सेकंदाने झाली तर एक; या शून्य-एकांतून वेळ कळते.

अडचण पूर्व किनाऱ्यावर होती. तिथे संकेत क्षीण, शिवाय ब्रिटनचे केंद्रही ६० किलोहर्ट्झवरच. म्हणून २९ ऑक्टोबर २०१२ पासून लहरीची फेज (चढउताराच्या चक्रातली तिची स्थिती) १८० अंशांनी उलटवून तीच माहिती दुसऱ्या वाटेनेही पाठवली जाऊ लागली. भिंतीवरच्या घड्याळांना काही फरक पडला नाही. या लहरीच्या फेजवरून वारंवारता ताडून पाहणारे जुने फेज-रिसीव्हर मात्र एका दिवसात निकामी झाले.

या यंत्रांत सरकत्या कागदावर पेन आपल्या ऑसिलेटरचा (ठरावीक वारंवारता निर्माण करणाऱ्या मंडलाचा) फोर्ट कॉलिन्सच्या लहरीशी असलेला फरक रेखत असे. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला रेषा ढळायची. दर तासाला दहाव्या मिनिटाला ४५ अंशांची पायरी उमटायची आणि पंधराव्या मिनिटाला उतरायची. ती केंद्राची ओळख होती. फेज सतत उलटू लागल्यावर या यंत्रांना पकडायला काही उरले नाही. सुरुवातीचे काही महिने दिवसातून दोनदा अर्धा तास जुनी पद्धत ठेवली, तेवढीच सवलत.

उलटी फेज क्षीण संकेतातही सहज ओळखता येते, हे मान्य. पण जर्मनीच्या मेनफ्लिंगेन केंद्राने १९८० च्या दशकातच ७७.५ किलोहर्ट्झवर फेजमधून माहिती पाठवली, तीही थोड्याच अंशांचा आणि सरासरी शून्य राहील असा बदल करून. वारंवारता वापरणारे तिथे उघड्यावर पडले नाहीत. अमेरिकेत ज्यांच्यासाठी केंद्र उभे राहिले त्यांनाच ‘जीपीएस वापरा’ म्हणणे अन्यायाचे होते. शिवाय नव्या पद्धतीची घड्याळे बाजारात फारशी आलीच नाहीत.

हौशी तंत्रज्ञांनी तोडगा काढला: संकेताला त्यानेच गुणून (वर्ग करून) १२० किलोहर्ट्झ मिळवायचे, त्यात उलटसुलट फेज पुसली जाते, मग दोनाने भागून पुन्हा ६०. जुनी यंत्रे त्यावर चालली.

२०१८ मध्ये कोलोरॅडो आणि हवाईतील सरकारी रेडिओ केंद्रे बंद करण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पात आला, तेव्हा जीपीएस आहे ना, हे उत्तर सगळ्यांनाच ऐकावे लागले. या वेळी घड्याळवालेही विरोधात उतरले, आणि केंद्र चालू राहिले.