भुकेला मेंदू काय स्क्रोल करतो

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं, त्यांच्या मर्जीने बरं का, कारण युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला घालायचं कसं हे शोधायचं होतं. वजन उतरणारच होतं, पण पोरांचं डोकंही ठिकाणावर राहिलं नाही. दिवसभर खाण्याच्याच गप्पा, स्वप्नातपण जेवण, ताटातलं चिवडत किती तरी वेळ बसायचं, आणि काहीजण तर चक्क रेसिपीची पुस्तकं घेऊन वाचत बसायला लागले.

आता असा भुकेला मेंदू फोन घेऊन बसलाय असं धरा. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी (किंवा मुलगा, जिमवाल्या सिक्सपॅकच्या नादी लागलेली मुलं काही कमी नाहीत) डाएट सुरू करते, भूक लागते, मग 'मी दिवसभरात काय खाते' टाइपचं रील आलं की बोट थांबतं. लाईक करायचीसुद्धा गरज नाही, किती सेकंद बघितलं ते अॅप मोजतंच. आवडलं म्हणून थांबली, घाबरून थांबली का भुकेने, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, थांबली ना मग घे अजून दहा.

हे नुसतं माझं तर्कट नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टिकटॉक यूजर्सचा डेटा तपासला, त्यात ईटिंग डिसऑर्डर (म्हणजे खाण्याशी संबंधित मानसिक आजार) असलेल्यांच्या फीडमध्ये डाएटचे व्हिडिओ इतरांपेक्षा ३३५ टक्के जास्त निघाले, आणि लाईक्समध्ये मात्र एवढी मोठी तफावत नव्हती. म्हणजे मागितलं थोडं, वाढलं पातेलंभर. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे पण रील्स आणि शॉर्ट्सपण बघण्याच्या वेळेवरच चालतात की.

अर्थात सगळं खापर फोनवर फोडू नका. रील सगळेच बघतात, सगळे आजारी पडत नाहीत, जुळ्यांवरच्या अभ्यासांतून अॅनोरेक्सियामध्ये, म्हणजे जाड व्हायच्या भीतीने खाणंच तोडत जाण्याच्या ईटिंग डिसऑर्डरमध्ये, अनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा दिसतो. पण हा आजार जीवघेणा आहे, मानसिक आजारांमध्ये मृत्यूचं प्रमाण यात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी एक. आणि आपल्या घरात तो लपतोही छान, चतुर्थी, गुरुवार, शनिवार असे उपास वाढत गेले तर कोण विचारतं, उलट 'बारीक झालीस गं, मस्त दिसतेस' म्हणून कौतुकच.

मग फोन काढून घ्यायचा का? फिजी बेटांवर टीव्ही नवीन आला तेव्हापासून तिथल्या मुलींचा अभ्यास संशोधक अॅन बेकर करत होत्या, २०११ मध्ये त्यांच्या टीमला दिसलं की मुलीच्या स्वतःच्या घरी टीव्ही किती यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती बघतात याचा संबंध खाण्याच्या बिघाडाशी जास्त होता. म्हणजे एकीचा फोन कपाटात ठेवून वर्गातलं बोलणं काही थांबत नाही. वापर कमी केल्याचा फायदा मात्र होतो, कॅनडात २२० कॉलेजवयीन मुलामुलींवर प्रयोग झाला, ज्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला त्यांना आपलं दिसणं आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. हा प्रयोग ईटिंग डिसऑर्डरच्या रुग्णांवर नव्हता, हे लक्षात ठेवा.

खरंच अॅनोरेक्सिया जडला असेल तर टीनएजर्ससाठी आज सगळ्यात भरवशाची मानली जाणारी उपचारपद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये घडली, तिथे सुरुवातीला जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हातात देतात, काय खायचं आणि किती ते तेच ठरवतात, 'का खात नाहीस' यावरचं बोलणं नंतर.