शंभर फेऱ्यांत एक इंच

जुना सिलिंडर फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळकांड्यावर कोरलेलं गाणं वाजवणारं यंत्र, समोर आला की सगळ्यांची नजर आधी कर्ण्यावर जाते. मी मात्र साउंडबॉक्स, म्हणजे खाचेतून आवाज काढणारा भाग, काढून ठेवतो, मोटरचा पट्टा उतरवतो आणि सिलिंडर चढवायचा निमुळता रूळ हातानं फिरवू लागतो. शंभर फेऱ्या मोजायच्या आणि साउंडबॉक्सचा गाडा किती सरकला ते पट्टीनं पाहायचं. या यंत्राच्या आयुष्यात कोणी हात घातला होता का, याचा पहिला पुरावा तिथे मिळतो.

एडिसनच्या सुरुवातीच्या मेणाच्या सिलिंडरवर एका इंचात 100 खाचा असत. वेग पुढे मिनिटाला 160 फेऱ्यांचा ठरला आणि सिलिंडर साधारण चार इंच लांब, त्यामुळे गाणं दोन-अडीच मिनिटांत संपे. 1908 मध्ये एडिसननं ‘अंबेरोल’ सिलिंडर आणले. त्यांत इंचाला 200 खाचा, म्हणजे त्याच लांबीत दुप्पट वेळ. पण ज्यांच्या घरी आधीच यंत्र होतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी कंपनीनंच जादा गिअरचे संच विकले. हे गिअर रुळाचा वेग तसाच ठेवून गाडा सरकवणाऱ्या स्क्रूचा वेग निम्मा करत. म्हणून शंभर फेऱ्यांत गाडा 25.4 मिलिमीटर सरकला तर चाल दोन मिनिटांची, 12.7 सरकला तर चार मिनिटांची. एकच यंत्र दोन्ही आकडे देत असेल आणि त्याची घडण 1908 च्या आधीची असेल, तर हे गिअर मागाहून बसले आहेत हे नक्की.

अशा बदलाला ‘बिघडवलेलं यंत्र’ म्हणणं मला पटत नाही. नवी, लांब गाणी ऐकायची म्हणून कुणीतरी पैसे मोजून तो करून घेतला होता. ‘मूळ रूपात आणू’ म्हणत ते गिअर काढून टाकणारे लोक त्या घराचा इतिहासच पुसून टाकतात.

बदल कधी झाला, हे बऱ्याचदा धातू सांगतो. त्या काळचा मुलामा निकेलचा, किंचित पिवळसर झाक असलेला. निळसर चकाकणारा क्रोमचा मुलामा 1920 च्या दशकात बाजारात आला, म्हणजे 1905 च्या यंत्रावर तो मूळचा असूच शकत नाही. फुलीच्या खाचेचे स्क्रू तर 1930 च्या दशकातले. अर्थात असा एक स्क्रू दिसला म्हणून आतलं सगळंच नवं ठरत नाही. त्या दशकात किंवा त्यानंतर कुणीतरी तो भाग उघडला होता, एवढंच त्यावरून कळतं.

लाकडाची साक्ष याहून बोलकी. पेटी उलटी करून तळ पाहावा. सुरुवातीचा लहान कर्णा थेट साउंडबॉक्सवर बसे. मोठा कर्णा घेतला की त्याचं वजन पेलायला वेगळा आधार लागे, आणि तो पेटीला जोडताना छिद्रं पडत. जुन्या छिद्राच्या आतल्या कडा काळवंडलेल्या असतात, तर अलीकडे पाडलेल्या छिद्रात लाकूड उजळ दिसतं. अंधारात अतिनील दिवा धरला तर जुनं लाखेचं पॉलिश नारिंगी झळकतं. मधेच एखादा पट्टा तसा झळकला नाही, तर तिथे नंतर दुसरं काही फासलंय अशी शंका घ्यावी.

काही बदल काढून टाकण्याचेही असतात. अनेक जुन्या यंत्रांवर वापरलेल्या सिलिंडरचं मेण तासून तो पुन्हा ध्वनिमुद्रणाला तयार करायची सोय होती. तयार गाणीच ऐकणाऱ्या घरात तिचा उपयोग नसे. आज ते पातं बऱ्याच ठिकाणी नसतं. गाड्यावर त्याची रिकामी जागा तेवढी उरते.

सगळ्यात शेवटी, भिंगाखाली, साउंडबॉक्सचा नीलमणी, म्हणजे खाचेत टेकणारं टोक. चार मिनिटांच्या अरुंद खाचेसाठी तो बारीक लागतो. गिअर चार मिनिटांच्या चालीवर आणि नीलमणी जुना, जाड, अशी जोडी मला अनेकदा दिसते, कारण साउंडबॉक्स सहज निघतो आणि सहज हरवतो. जाड नीलमणी त्या खाचेत मावत नाही, तिच्या कडा खरवडतो, आणि गेलेला आवाज परत येत नाही. जोडी जुळत नसेल तर सिलिंडर डबीतच राहू द्यावा.