शुक्रावर यंत्र किती वेळ तगतं?

10 मे 2025 रोजी कॉसमॉस 482 हा सोव्हिएत अवकाशयानाचा गोळा पृथ्वीवर परत पडला. जाकार्ताच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात, असं रशियाच्या अवकाश संस्थेनं जाहीर केलं. मीटरभर व्यासाचा आणि जेमतेम अर्ध्या टनाचा हा गोळा 53 वर्षं पृथ्वीभोवती घिरट्या घालत होता. तो कुणाच्या डोक्यावर पडेल का, याची चर्चा आठवडाभर चालली. जुने उपग्रह वातावरणात शिरले की बहुतेक जळून जातात. हा मात्र अखंड खाली पोहोचेल अशी धास्ती होती, कारण तो पृथ्वीच्या हवेसाठी बांधलेलाच नव्हता. तो शुक्रासाठी होता.

मार्च 1972 मध्ये चार दिवसांच्या अंतरानं दोन जुळी यानं निघाली. 27 मार्चचं व्हेनेरा 8 (व्हेनेरा म्हणजे रशियनमध्ये शुक्र) शुक्रावर उतरलं आणि तिथून 50 मिनिटं बोललं. 31 मार्चच्या यानाचं शेवटच्या टप्प्याचं इंजिन वेळेआधी बंद पडलं आणि ते पृथ्वीच्या ओढीतून सुटलंच नाही. फसलेल्या यानाला ग्रहाचं नाव द्यायचं नाही हा सोव्हिएत रिवाज, म्हणून त्याचं झालं 'कॉसमॉस'. हा गोळा एवढा दणकट का केला होता, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

शुक्राची चांदणी आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची. त्याचा अस्त असला की पंचांगात लग्नाचे मुहूर्त नसतात, इतकी त्याची आपल्या घरात ये-जा. पण तो प्रत्यक्षात कसा आहे, हे माणसाला फार उशिरा कळलं. 1610 मध्ये गॅलिलिओनं दुर्बिणीतून त्याच्या चंद्रासारख्या कला पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे स्पष्ट झालं. पुढची साडेतीनशे वर्षं दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, तरी दिसायचा तो पांढरा, गुळगुळीत ढगांचा गोळाच.

मधल्या काळात खगोलशास्त्रज्ञांना शुक्र हवा होता तो मोजपट्टी म्हणून. त्याचं सूर्यबिंबावरून अधिक्रमण होताना, म्हणजे तो सूर्यासमोरून ठिपक्यासारखा सरकताना, पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा नोंदवल्या, तर सूर्याचं अंतर काढता येतं. अधिक्रमणं आठ वर्षांच्या अंतरानं जोडीनं येतात आणि मग शंभराहून जास्त वर्षं येतच नाहीत. 1761 आणि 1769 च्या जोडीसाठी युरोपातून जगभर मोहिमा निघाल्या. त्यातल्या फ्रान्सच्या ल जांतील या खगोलशास्त्रज्ञाची कहाणी मला कधीच विसरता आलेली नाही. तो पुदुच्चेरीला यायला निघाला, पण पोहोचण्याआधीच ते इंग्रजांच्या हाती गेलं होतं. 6 जून 1761 ला आकाश निरभ्र होतं आणि तो भर समुद्रात, डुलणाऱ्या जहाजावर. तिथून नेमकी वेळ नोंदवणं शक्यच नव्हतं. मग तो आठ वर्षं याच बाजूला राहिला. पुदुच्चेरी फ्रेंचांना परत मिळाल्यावर तिथं त्यानं वेधशाळा उभारली, वाट पाहिली, आणि 4 जून 1769 च्या सकाळी नेमके ढग आले. मायदेशी परतला तर त्याला मृत ठरवून वारस मालमत्ता वाटून घेत होते.

इतरांच्या नोंदींवरून सूर्याचं अंतर 15 कोटी 30 लाख किलोमीटरच्या घरात निघालं. आजचा आकडा 14 कोटी 96 लाख आहे. लाकडी जहाजं आणि लंबकाची घड्याळं यांच्या बळावर एवढं जवळ जाणं ही फार मोठी गोष्ट होती. पुढचं अधिक्रमण 9 डिसेंबर 1874 चं. त्याआधी मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी यांनी सामान्य लोकांना ते समजावं म्हणून पुस्तिका लिहिली आणि ती इंग्रजीबरोबर उर्दू, कन्नड अशा भाषांतही निघाली.

ढगांखाली काय असेल, याची कल्पना मात्र प्रत्येकानं आपल्या मनाजोगती केली. ढग म्हणजे पाणी, सूर्याच्या जवळ म्हणजे उष्ण, म्हणून तिथं दलदल आणि दाट झाडोरा. 1918 मध्ये स्वान्ते अर्‍हेनिअससारख्या नोबेल मिळवलेल्या रसायनशास्त्रज्ञानंही असंच ओलंचिंब चित्र रंगवलं. 1932 मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेल्या वर्णपटात कार्बन डायऑक्साइडच्या ठळक खुणा सापडल्या. 1956 मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेनं शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या, तर तापमान निघालं 300 अंश सेल्सिअसच्या वर. पुष्कळांना ते पटेना. लहरी वरच्या थरांतून येत असतील, खाली थंड असेल, असं ते म्हणत. 14 डिसेंबर 1962 ला अमेरिकेचं मरिनर 2 शुक्रापासून सुमारे 35 हजार किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून माहिती पाठवणारं ते पहिलं यान. त्याच्या मोजणीनं खालची जमीनच तापलेली आहे याला दुजोरा दिला.

तरीही 'समुद्र असेल' ही आशा किती चिवट होती, ते व्हेनेरा 4 च्या बांधणीत दिसतं. 1967 मध्ये पाठवलेल्या या कुपीला तरंगता यावं अशी सोय होती. तिच्या एका कुलपात चक्क साखर वापरली होती: कुपी पाण्यात पडली तर साखर विरघळेल आणि अँटेना मोकळी होईल! 18 ऑक्टोबरला ती हवाई छत्रीनं उतरू लागली आणि दीड तास आकडे पाठवत राहिली. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. तापमान 262 अंशांवर, दाब पृथ्वीच्या 22 पट झाला आणि आवाज बंद पडला. कुपी जमिनीवर टेकली, असं मॉस्कोनं जाहीर केलं.

दुसऱ्याच दिवशी मरिनर 5 शुक्राजवळून गेलं. त्याची मोजमापं आणि पृथ्वीवरून रडारनं काढलेली शुक्राची त्रिज्या यांचा मेळ घातला, तेव्हा हिशेब जमेना. कुपी थांबली तिथून जमीन अजून वीस-पंचवीस किलोमीटर खाली होती. या सगळ्या इतिहासातली कळीची जागा मला हीच वाटते. शुक्राबद्दलची बरीच माहिती यंत्रं कुठे आणि कशी मेली यावरून मिळाली आहे.

पुढची कुपी म्हणूनच टायटॅनियमची झाली. 180 पट दाब आणि 540 अंश सोसेल अशी, आणि उतरण्याआधी आतून गार केलेली. 15 डिसेंबर 1970 ला व्हेनेरा 7 खाली जाताना तिची छत्री निकामी झाली, कुपी आदळली आणि संदेश तुटला. सगळं संपलं असंच वाटलं. पण नोंदींच्या फिती पुन्हा तपासताना कुरकुरीत दडलेला, शंभरपट क्षीण असा 23 मिनिटांचा संदेश सापडला. कुपी बहुधा कलंडली होती आणि तिची अँटेना भलत्याच दिशेला होती. अंतर्गत बिघाडामुळे ती एकच आकडा परत परत सांगत होती: 475 अंश. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला हा पहिला निरोप. दाब गणितानं काढला, तो निघाला पृथ्वीच्या सुमारे 90 पट. आपल्या समुद्रात 900 मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. शिसं 327 अंशांना वितळतं, हे लक्षात घेतलं की ती 23 मिनिटं किती मोठी होती ते कळतं.

कॉसमॉस 482 याच घराण्यातला, म्हणून पृथ्वीची हवा त्याला जाळू शकेल याची कुणालाच खात्री नव्हती.

22 ऑक्टोबर 1975 ला व्हेनेरा 9 नं दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरचं पहिलं छायाचित्र पाठवलं. धारदार कडांचे चपटे दगड, अगदी कालपरवा फुटल्यासारखे. व्हेनेरा 11 आणि 12 च्या कॅमेऱ्यांची झाकणंच उघडली नाहीत. व्हेनेरा 13 मार्च 1982 मध्ये उतरलं, त्याच्याकडून 32 मिनिटांची अपेक्षा होती, ते 127 मिनिटं तगलं आणि रंगीत छायाचित्रं देऊन गेलं. चारच दिवसांनी उतरलेल्या व्हेनेरा 14 चा माती तपासणारा हात नेमका गळून पडलेल्या झाकणावर टेकला. इतक्या दूर जाऊन स्वतःचंच झाकण दाबून पाहावं लागावं, याची हळहळ आजही वाटते. 1985 मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी शुक्राच्या ढगांत दोन फुगे सोडले. 54 किलोमीटर उंचीवर, जिथं हवा बरीच सौम्य आहे तिथं, ते जवळजवळ दोन दिवस तरंगले. त्यानंतर आजतागायत तिथल्या जमिनीवर एकही यान काम करायला उतरलेलं नाही.

अमेरिकेनं भर दिला कक्षेतून पाहण्यावर. 1978 च्या पायोनियर मोहिमेला शुक्राच्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आढळलं. पाण्याचे रेणू फुटून हलका हायड्रोजन अवकाशात उडून जातो आणि जड मागे राहतो, तेव्हा असं होतं. म्हणजे तिथं कधीकाळी आजच्यापेक्षा खूप जास्त पाणी होतं. दलदलीचं स्वप्न पाहणारे अगदीच वेडे नव्हते, काही अब्ज वर्षं उशिरा आले एवढंच.

1990 ते 1994 या काळात अमेरिकेच्याच मॅगेलन यानानं रडारनं ढग भेदून शुक्राचा 98 टक्के भाग टिपला. तो साठा अजून पुरून उरतो आहे. 2023 मध्ये त्याच जुन्या प्रतिमा पुन्हा तपासताना, फेब्रुवारी ते ऑक्टोबर 1991 दरम्यान एका ज्वालामुखीचं मुख रुंदावलेलं दिसलं. शुक्र अजून धुमसतो आहे याचा हा थेट पुरावा तीस वर्षं पडून होता.

या नकाशात मराठी वाचकानं आवर्जून शोधावीत अशी दोन नावं आहेत. शुक्रावरच्या जागांना स्त्रियांची नावं द्यायची असा नियम आहे. जेम्स मॅक्सवेलच्या नावाचा डोंगर हा त्यातला जुना अपवाद. सुमारे 34 किलोमीटर रुंदीच्या एका विवराला आनंदीबाई जोशींचं नाव आहे, आणि मेधावी हे विवर पंडिता रमाबाईंचं. 1886 मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या होत्या.

जपानचं अकात्सुकी हे यान 2010 मध्ये शुक्राच्या कक्षेत शिरताना हुकलं आणि पाच वर्षं सूर्याभोवती फिरून, छोट्या इंजिनांच्या जोरावर 2015 मध्ये शिरलं. अमेरिकेनं आणि युरोपनं 2021 मध्ये नव्या मोहिमा निवडल्या. भारतीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये शुक्रयानासाठी 1236 कोटी रुपये मंजूर केले, प्रक्षेपण मार्च 2028 चं ठरलं. ते उतरणार नाही, कक्षेतूनच पाहील. त्यावरही रडार असेल. आनंदीबाईंचं आणि रमाबाईंचं विवर आजवर दिसलं आहे ते रडारलाच.