भविष्यातली लेफ्टनंट आणि ‘मालिका’ शब्दाचा घोळ

रहस्यकथांची मालिका कशी वाचायची, हे आपल्याकडे भाड्याच्या वाचनालयांनी ठरवून टाकलं. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातले नायक ना म्हातारे झाले, ना त्यांचा संसार पुढे सरकला. पाचवं पुस्तक बाहेर गेलेलं असलं तर नववं उचलायचं. काही अडत नसे.

हीच सवय घेऊन जळगाव-धुळ्याचा वाचक ‘इन डेथ’ या अमेरिकी रहस्यकथा-मालिकेकडे गेला की फसतो.

तिचं पहिलं पुस्तक १९९५चं. काळ २०५८, गाव न्यूयॉर्क, नायिका खुनांचा तपास करणारी पोलीस लेफ्टनंट. लेखिका नोरा रॉबर्ट्स प्रेमकथांमुळे आधीच गाजलेली, पण इथे ‘जे. डी. रॉब’ हे टोपणनाव घेतलं, आद्याक्षरं दोन मुलांच्या नावांची. हे नाव कोणाचं, ते २००१ पर्यंत अधिकृतपणे सांगितलं गेलं नव्हतं. सुरुवातीची पुस्तकं थेट पेपरबॅक, नवं पुस्तक पुठ्ठा बांधणीत येऊ लागलं ते २००४पासून. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडतात ती बहुधा आधीचीच, पाठीला चिकटपट्टी लावलेली. कोणतं कितवं, ते नावावरून कळत नाही, कारण प्रत्येकाच्या शेवटी ‘इन डेथ’ आहेच. मध्येच दीर्घकथाही आहेत; १९९८मधल्या पहिल्या दीर्घकथेला वाचक ‘साडेसातवी’ म्हणून मोजतात!

भांडण इथेच आहे. एक गट म्हणतो, खुनी त्याच पुस्तकात सापडतो, मग क्रम कशाला? म्हणणं खोटं नाही. पण या दोघांचं, म्हणजे लेफ्टनंटचं आणि पहिल्याच पुस्तकातल्या तपासात संशयित असलेल्या त्या अब्जाधीशाचं, लग्न तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी लागतं. मी नेमकं मधलं उचललं होतं. दोघं आधीच नवरा-बायको, एका घरात. ‘जमतंय का नाही’ ही निम्मी उत्कंठा तिथेच गेली. पुढे तिच्या हाताखालची पोलीस शिपाई डिटेक्टिव्ह होते, तेही उलटं वाचलं तर पचत नाही. तीस वर्षांत साठाहून जास्त पुस्तकं आली, कथेत मात्र जेमतेम तीन-चार वर्षं सरली. म्हणजे ही आपल्या अर्थाची मालिका नव्हेच, सावकाश पुढे सरकणारी एकच लांबलचक कादंबरी आहे. पहिली तीन क्रमाने वाचावीत, पुढे हवी ती, असं माझं मत.

विज्ञानकथा म्हणावी का, हा वाद मला फुसका वाटतो. उडत्या गाड्या आहेत, यंत्रमानव आहेत. पण लक्षात राहते ती खरी कॉफी. त्या काळात ती इतकी दुर्मीळ की अब्जाधीश भेट म्हणून पाठवतो आणि लेफ्टनंट विरघळते.

पहिलं पुस्तक मला छापील अजून मिळालेलं नाही. ढिगावाल्याला विचारलं, तर म्हणाला, “पहिलं कोन इकस, भाऊ?” म्हणजे, पहिलं विकतं कोण!