बिनटेपची कॅसेट सुरात कशी वाजते?

आमच्या बाबांची गाडी १९९९ ची, एमएच ०४ नंबरची, २०२४ मध्ये परत पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय आणि इंजिन अजून छान आहे. डॅशबोर्डमध्ये ओरिजनल कॅसेट डेक आहे आणि तो बाबांना काढायचा नाहीये. मलाही नाही. नौपाड्याहून कळवा पुलावरून ठाणे-बेलापूर रोडला लागलं की त्यांचा हात आपोआप त्या डेककडे जातो, आणि बहुतेक वेळा आत जाते ती त्यांच्या भजनी मंडळाची १९९४ च्या गणपतीत चाळीत रेकॉर्ड केलेली कॅसेट, ज्यात पेटीवर स्वतः बाबा आहेत.

तर एक दिवस ऐरोलीच्या सिग्नलला थांबलो असताना ते म्हणाले, "अगं, बुवा काळी एकमध्ये गायचे, हे पांढरी एकमध्ये वाजतंय." मला आधी वाटलं वय झालंय, कानांचं काहीतरी असेल. पण ज्याने वीस वर्षं भजनाला पेटीची साथ केलीय तो माणूस पट्टी (काळी एक, पांढरी एक, म्हणजे गायचा मूळ सूर पेटीच्या कोणत्या बटणावर धरलाय ते) चुकत नाही, म्हणून मी घरी आल्यावर मोजायचं ठरवलं. कपाटात अभंगांची एक विकतची कॅसेट होती, त्यातला एक अभंग फोनवर बरोब्बर ६ मिनिटांचा आहे, तोच कॅसेटवर गाडीच्या डेकमध्ये लावला आणि स्टॉपवॉच सुरू केलं. ६ मिनिटं २१ सेकंद! म्हणजे डेक साधारण साडेपाच टक्के हळू चालतोय, आणि वेग साडेपाच-सहा टक्के कमी झाला की सूर बरोबर अर्धा स्वर खाली येतो, काळी एकची पांढरी एक होते. बाबांचा कान स्टॉपवॉचइतका अचूक निघाला आणि मला खरंच खूप भारी वाटलं.

दोष डेकच्या रबरी पट्ट्याचा. मोटर फिरते ती या पट्ट्यावर टेप ओढणारी दांडी फिरवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते, वर पावसाळ्यातला दमटपणा, पंचवीस वर्षांत रबर सैल पडणारच. पट्टा बदलायला दुकानातले काका म्हणाले डेक पूर्ण खोलावा लागेल, त्या मापाचा पट्टा शोधावा लागेल, बघू. तोपर्यंत काय, म्हणून त्यांनीच काउंटरखालून एक कॅसेट अडॅप्टर काढून दिला, ३५० रुपयांना. कॅसेटच्याच आकाराचा, एका कोपऱ्यातून वायर बाहेर आलेली आणि वायरच्या टोकाला हेडफोनची पिन. पिन बाबांच्या फोनला लावली, अडॅप्टर डेकमध्ये ढकलला, तोच अभंग लावला आणि तो अगदी सुरात वाजला, ६ मिनिटांत संपला. डेक तोच, पट्टा तोच ढिला, मग सूर कुठून सुधारला?

हे मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला आणि अडॅप्टरचे स्क्रू काढले. आत टेपचा तुकडासुद्धा नाही. पांढऱ्या प्लास्टिकचे चार-पाच गिअर एकात एक अडकलेले, एका बाजूला वायर, आणि मधल्या खिडकीत, जिथे खऱ्या कॅसेटमध्ये तांब्याच्या बारीक पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो ना, बरोबर तिथे स्प्रिंगवर बसवलेलं एक चकचकीत हेड. टेपरेकॉर्डरचं असतं तसंच हेड, फक्त तोंड बाहेरच्या बाजूला. वायर सगळी या हेडलाच येऊन मिळते. बास, एवढंच.

आता हे हेड काय करतं ते कळायला आधी खरी कॅसेट कशी वाजते ते बघावं लागेल. आपली ही छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली, लू ओटेन्स नावाच्या डच इंजिनिअरच्या टीमने बेल्जियममध्ये बनवली. टेप ३.८१ मिलिमीटर रुंद, प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साईडचा थर, आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून सरकते. म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ऐकताना जवळजवळ ८६ मीटर टेप हेडवरून जाते. या टेपवर गाणं म्हणजे चुंबकत्वाचे कमी-जास्त पट्टे, एकापुढे एक. हेड म्हणजे लोखंडी कडं, त्याला एका जागी केसाहूनही कितीतरी बारीक फट, आणि कड्याभोवती तारेचं वेटोळं. फटीसमोरून चुंबकत्व बदलत गेलं की वेटोळ्यात वीज तयार होते, मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला हाच तो नियम, शाळेत आपण कॉइलमधून चुंबक आत-बाहेर करून गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवला होता तोच. ही वीज अगदी नगण्य, एक मिलिव्होल्टही नाही, डेकचा अॅम्प्लिफायर ती वाढवून स्पीकरला देतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हेडला टेप दिसत नाही. हेडला फक्त बदलतं चुंबकत्व कळतं, ते टेपवरून आलंय की आणखी कुठून याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अडॅप्टर नेमका याचाच फायदा घेतो, फोनमधून हेडफोनसाठी निघालेली वीज त्याच्या हेडच्या वेटोळ्यातून जाते, गाण्याप्रमाणे कमी-जास्त होणारं चुंबकीय क्षेत्र फटीपाशी तयार होतं, आणि समोर चिकटून बसलेलं डेकचं हेड ते तसंच्या तसं उचलतं. फट फटीसमोर. सोसायटीच्या कोपऱ्यावर महावितरणचा ट्रान्सफॉर्मर असतो ना, त्यात दोन वेटोळी एकमेकांना न चिकटता फक्त चुंबकत्वातून वीज पोचवतात, हा तसाच ट्रान्सफॉर्मर आहे, फक्त अर्धा कॅसेटमध्ये आणि अर्धा डेकमध्ये, कॅसेट आत ढकलली की पूर्ण होतो.

आणि सुराचं कोडं इथेच सुटतं. टेपवर गाणं जागेत लिहिलेलं असतं, इतक्या सेंटिमीटरवर हा सूर, त्याच्यापुढे तो. ते जागेतून परत वेळेत आणायचं काम मोटर करते, म्हणून मोटर हळू तर सूर खाली आणि पट्टा धक्के खात असेल तर आवाज लहरतो. अडॅप्टरमध्ये गाणं जागेत कुठे लिहिलेलंच नाहीये, वेळ फोन ठरवतो, फोनमधल्या क्वार्ट्झच्या घड्याळाचा ठेका धरून. डेकची मोटर हळू चालो नाहीतर जोरात, गाण्याची पट्टी हलत नाही. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पेटी वाजवतोय दुसराच, भाता नुसता हलतोय." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

धुळीचंही असंच आहे. टेपवर १०,००० हर्ट्झचा सूर लिहिलेला असेल तर त्याची एक लहर ४.७६ मायक्रॉनची, माणसाचा केस त्याच्या दहा-पंधरा पट जाड. हेडवर टेपच्या ऑक्साईडचा बारीकसा थर साचला आणि टेप तेवढी लांब गेली की हे बारीक पट्टे हेडपर्यंत पोचतच नाहीत, टाळांचा किणकिणाट सगळ्यात आधी जातो आणि मृदंग तेवढा उरतो. अडॅप्टरच्या हेडवर असे बारीक पट्टे नसतात, एका फटीतून सगळ्या सुरांचं क्षेत्र एकत्रच येतं, त्यामुळे थोडी घाण असली तर आवाज एकूण लहान होतो पण टाळ तेवढे गायब होत नाहीत. तरी हेड पुसाच हो, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने, आमच्या डेकमधून पहिल्या काडीला चॉकलेटी रंगाचा थर आला होता.

मग ते गिअर कशाला? गाण्यासाठी नाहीच ते, डेकची समजूत घालायला आहेत. गाडीतल्या डेकला टेप संपली हे असं कळतं की टेप गुंडाळणारी चकती फिरायची थांबते, थांबली की डेक बंद पडतो किंवा ऑटो रिव्हर्स असेल तर दिशा बदलतो. अडॅप्टरमधले गिअर दोन्ही चकत्या फिरत्या ठेवतात, डेकला वाटतं टेप चालू आहे. म्हणूनच डेकचा पट्टा पूर्ण तुटला तर गाण्याला मोटर लागत नसूनही अडॅप्टर वाजत नाही, कारण डेकच खूश नसतो. शांत गाण्यात मागे खरखर-टिकटिक येते ती या गिअरची, गिअरच्या दातांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी ठिपका लावून अडॅप्टर परत जोडला की बरीच कमी होते, फक्त ग्रीस हेडला अजिबात लागू द्यायचं नाही.

ऑटो रिव्हर्सवाल्या डेकमध्ये आणखी एक गंमत होते. टेपवर चार पट्ट्या असतात, या बाजूच्या डाव्या-उजव्या दोन आणि त्या बाजूच्या दोन, आणि डेकने दिशा बदलली की तो दुसऱ्या दोन पट्ट्यांकडे बघायला लागतो. बहुतेक अडॅप्टरचं हेड एकाच जोडीसमोर असतं, त्यामुळे गाणं अचानक दूर कुठेतरी विहिरीत वाजल्यासारखं येतं. लोकांना वाटतं अडॅप्टर खराब निघाला आणि फेकून देतात, मला याचं फार वाईट वाटतं. आमच्या डेकमध्ये फॉरवर्ड आणि रिवाइंडची दोन बटणं एकदम अर्धी दाबली की दिशा परत फिरते, बऱ्याच जुन्या डेकमध्ये हीच पद्धत आहे, आधी ते करून बघा.

आवाजाचं सेटिंग सांगते. डॉल्बीचं बटण असेल तर बंद ठेवा, ते टेपची सळसळ दाबायला असतं आणि रेकॉर्डिंगच्या वेळी मुद्दाम वाढवलेले वरचे सूर परत कमी करतं, अडॅप्टरच्या गाण्यात ते वाढवलेलेच नसतात मग उगाच आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. उलट आवाज कर्कश वाटला तर मेटल टेपचं बटण दाबून बघा, वरचे सूर थोडे खाली बसतात. आणि फोनचा व्हॉल्यूम पाऊणच्या आसपास ठेवा, फार कमी ठेवला तर डेकची स्वतःची सळसळ वर येते, पूर्ण केला तर आवाज फाटतो.

माझ्या मामेभावाच्या गाडीत ऑक्स आहे, म्हणजे फोनची वायर थेट स्टिरिओला लावायचं भोक, त्यात फोन चार्जिंगला लावून गाणी लावली की अॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर स्पीकरमधून सुंईईं असा आवाज चढत जातो, वाशीच्या पुलावर तर डोकं उठतं. हा गाडीच्या अल्टरनेटरचा आवाज, चार्जरची अर्थिंग आणि स्टिरिओची अर्थिंग ऑक्सच्या वायरमधून जोडली जाऊन त्यांचं एक कडं तयार होतं आणि त्यातून तो शिरतो. अडॅप्टरमध्ये फोन आणि डेक तारेने जोडलेलेच नाहीत, मधे फक्त चुंबकत्व आहे, त्यामुळे हे कडं होतच नाही. एवढ्या स्वस्त वस्तूत हा फायदा फुकट मिळतो. एफएम ट्रान्समीटर मी वापरून सोडला, ठाणे-मुंबईत ९१.१, ९३.५, ९८.३ अशी सगळी पट्टी स्टेशनांनी भरलीय, रिकामी जागा शोधून गाणं लावलं तरी जाता जाता दुसरंच कोणी मधे बोलायला लागतं.

फोनला पिनचं भोक नसेल तर टाईप-सीचं छोटं कनेक्टर मिळतं, त्याने काम होतं. ब्लूटूथवाले कॅसेट अडॅप्टरही आलेत, आत हेड तेच, फक्त वायरच्या जागी ब्लूटूथ आणि बॅटरी. ते घेतलंत तर उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवून जाऊ नका, लिथियमची बॅटरी आहे, घरी घेऊन जा.

भजनाची कॅसेट मी शेवटी नेरूळच्या मैत्रिणीकडे नेली, तिच्या घरचा मोठा डेक नीट वेगात चालतो, त्यावर वाजवून कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि फाईल बाबांच्या फोनमध्ये टाकली. गेल्या रविवारी तिच अडॅप्टरमधून लावून निघालो. कळवा नाका गेल्यावर पहिला गजर सुरू झाला, बाबांनी काही म्हटलं नाही, फक्त उजव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर पेटीसारखी हलायला लागली. रबाळ्याजवळ गाडी खड्ड्यात आदळली, डेकने दिशा बदलली आणि बुवा विहिरीत गेले. बाबांनी रस्त्यावरची नजर न हलवता डाव्या अंगठ्याने आणि बोटाने दोन्ही बटणं अर्धी दाबली, बुवा परत वर आले आणि बाबा म्हणाले, "काळी एक."